जूनचा मुऱ्हाळी

सर वेडे होते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी विचारायला नको. गावाने तर पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं की हेडमास्तर म्हणून पाठवलेला हा माणूस डोक्याने अर्धा आहे.

मी त्या हायस्कुलात शिपाई होतो. पारोळ्याच्या पुढे अमळनेरच्या अंगाला आमचं गाव. घंटा माझ्याकडे, पाण्याचे माठ माझ्याकडे, किल्ल्या माझ्याकडे. चौथी करून शाळा सोडली आणि पुढचा जन्म शाळेतच गेला, पण बाकावर नाही, दारात. दारातून माणूस जास्त दिसतो. सरांना मी दारातूनच पाहिलं.

ते देशावरचे, लांब साताऱ्याकडचे. उंच, वाळलेले, मान थोडी पुढे. टोपी नाही, छत्री मात्र बारा महिने. ऊन असो नसो, छत्री मिटलेलीच. एकटा जीव. लग्न का नाही केलं, कोणी म्हणे बहीण लहानपणी गेली त्याचं मनाला लागलं, कोणी म्हणे लग्न झालं होतं आणि मोडलं. मी कधी विचारलं नाही. माणसाच्या बंद खोलीत डोकावून काय मिळतं?

त्यांचं पहिलं वेड घंटेचं.

शाळेला तीन बाजूंच्या वस्त्यांवरून पोरं यायची. रस्ता कसला, मातीची वाट, दोन्ही बाजूंना कपाशी. प्रार्थनेची वेळ झाली की मी हातोडा उचलायचो. सर नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर चढून उभे असायचे, छत्री कपाळावर आडवी धरून. आणि ओरडायचे,

"थांब! एक डोकं दिसतंय."

मी थांबायचो. ते डोकं जवळ यायचं, त्याखाली दप्तर दिसायचं, मग धावणारे पाय. ते फाटकातून आत शिरलं की सर म्हणायचे, "हं. वाजव." कधी पुन्हा, "थांब, अजून एक आहे." मास्तर लोक चिडायचे. एक मास्तर तर म्हणाले, "सर, अशाने शाळा कधी भरायचीच नाही." सर म्हणाले, "शाळा पोरांनी भरते हो. घंटेने भरत असती तर आपण देवळातच बसलो असतो."

एकदा जळगावहून तपासणीचे साहेब आले. घड्याळ पाहून बसलेले. घंटा होईना. साहेब बाहेर आले, मी हातोडा घेऊन उभा, हेडमास्तर मोरीवर.

"काय चाललंय हे? घंटा का होत नाही?"

"साहेब, रस्त्यावर पोर आहे," सर वरूनच म्हणाले. "घंटा आपल्या हातातली आहे. पोर नाही."

साहेबांनी वहीत काही लिहिलं. काय लिहिलं देव जाणे. पण त्यानंतरही घंटा थांबतच राहिली.

दुसरं वेड हजेरीचं. हजेरी ते पाठ म्हणायचे. पट उघडा असायचा, पण डोळे पोरांवर. नाव घेतलं आणि 'हजर' आलं नाही, तर वर्ग पुढे जायचा नाही. सर थांबायचे. इतके थांबायचे की आम्हाला दारात उभं राहून घाम फुटायचा. मग म्हणायचे, "येईल. वाटेवर असेल." गैरहजर हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पटावर मात्र लिहावंच लागायचं, ते काम त्यांनी वर्गशिक्षकावर टाकलेलं.

आठवीचा पहिला दिवस असला की नव्या पोरांना अहो-जाहो. "या, बसा. आपलं नाव काय? पाणी घेणार का?" गावात ज्याला त्याचा बापही शिवीशिवाय हाक मारत नाही अशा पोराला हेडमास्तर 'आपण' म्हणतो म्हटल्यावर ते पोर लाकडासारखं ताठ बसायचं. दुसऱ्या दिवशी, "ए गधड्या, गृहपाठ कुठाय?" मी विचारलं एकदा, असं का? म्हणाले, "पहिला दिवस पाहुण्याचा असतो. दुसऱ्या दिवसापासून तो घरचा. घरच्याला कोण अहो म्हणतं?"

शोभाची माय त्या दिवशी फाटकात उभी असायची. शोभा म्हणजे माझी लेक. तिची माय म्हणजे, आता काय सांगू, माझं घर. सरांनीच तिला सांगून ठेवलं होतं. ताटात निरांजन, कुंकू, थोडी साखर. आत येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला ती ओवाळायची आणि चिमूटभर साखर तोंडात घालायची. ती स्वतः एक दिवस शाळेत गेलेली नव्हती. मला म्हणायची, "मी शाळामा गई नही, पन शाळाना दारमा उभी ते राहिनी." हे ती हसत म्हणायची. आता आठवलं की मला हसू येत नाही.

तर आता मुऱ्हाळ्याचं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलो.

आमच्या खान्देशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. पण आपल्या पायाने येत नाहीत. माहेरून भाऊ नाहीतर बाप गाडी घेऊन आणायला जातो. त्याला मूळ जाणं म्हणतात, आणि जाणारा तो मुऱ्हाळी. बैलांच्या शिंगांना गोंडे, पाठीवर झूल. मुऱ्हाळ्याला सासरच्यांनी पाणी द्यायचं, जेवू घालायचं, आणि त्याची गाडी रिकामी परत पाठवायची नाही. पाठवली तर त्या घराची चार गावांत छी थू होते. भांडण असलं तरी मुऱ्हाळ्यापुढे ते गिळावं लागतं.

सर आमच्याकडे बदलून आले ते नेमके अखाजीच्या तोंडावर. गावात गाड्या येत होत्या, जात होत्या, झोक्यांवर पोरी गाणी म्हणत होत्या. सर ओट्यावर बसून पाहत राहिले. मला विचारलं, मी सांगितलं. मी सांगितलं बरोबर, त्यांनी घेतलं अर्धं. लेकीला आणायला गाडी न्यायची, आणि गाडी रिकामी परत करायची नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. लेक लग्न झालेली असावी लागते, हे कुठेतरी सांडलं.

जूनमध्ये शाळा उघडली. वर्गात पोरं होती, पोरी अर्ध्याच. कोणी शेतात, कोणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरात. सर मला म्हणाले, "तुमची गाडी जुंपा. आणि ते गोंडे लावा."

मला वाटलं कुठे लग्नाला जायचं आहे. गोंडे लावले. सर गाडीत बसले, छत्री उभी धरून, आणि गाडी थेट आठवीतल्या कमलच्या दारात नेली. कमलची आजी ओट्यावर शेंगा फोडत होती.

"राम राम आजी. मी मूळ आलोय. लेकीला घेऊन जातो."

म्हातारीच्या हातातलं सूप खाली पडलं. सगळी गल्ली जागच्या जागी उभी राहिली. कुवार पोरीच्या दारात सजवलेली गाडी आणि मुऱ्हाळी! म्हणजे या पोरीचं लग्न कधी, कोणाशी झालं, आणि कोणी लपवलं?

"अरे देवा! आमनी पोर कुवारी शे!" म्हातारी ओरडली. "कोना घरनं मूळ हाई?"

कोणीतरी मळ्याकडे पळालं. कमलचा बाप हातात बैल हाकायची पराणी घेऊन आला, तोंड लाल. सर शांत. म्हणाले, "आधी पाणी द्या. मुऱ्हाळी उन्हातून आलाय."

आणि म्हातारीने पाणी दिलं! शिव्या देत दिलं, पण दिलं. मुऱ्हाळी म्हणवून जो दारात बसला त्याला पाणी नाही म्हणायची जीभच आमच्याकडे नाही.

कमलचा बाप माझ्याकडे वळला. "याले समजाडी सांग भो."

मी सरांना बाजूला घेऊन समजावलं. ते ऐकत गेले आणि त्यांचे कान लाल होत गेले. मग बापापुढे जाऊन हात जोडले. "चुकलंच माझं, भाऊ. मला रीत नीट कळली नव्हती. माफ करा." बापाने पराणी खाली घेतली. मग सर म्हणाले, "पण आता गाडी दारात आली आहे. रिकामी कशी नेऊ? तुम्हीच सांगा."

रीत चुकलेली, पण गाडी खरी, गोंडे खरे, मुऱ्हाळी पाणी प्यालेला. गल्लीत कोणीतरी फिसकन हसलं, मग म्हातारीच हसायला लागली. "जाय वं कमल, दप्तर आन. हाऊ पागल उठाव नही."

कमल गाडीत बसली. पुढच्या दारात गेलो तेव्हा पोरगी आधीच वेणी घालून उभी होती.

ती चूक मग सरांची रीत झाली. दर जूनला, शाळा उघडली की गाडी निघायची. शोभाची माय शिदोरी बांधून द्यायची, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा खुडा, पण शिदोरी तशीच परत यायची, कारण सर दारोदार जेवायचे. मुऱ्हाळी जेवल्याशिवाय उठत नाही म्हणून कुणाकडे घास, कुणाकडे दोन. बौद्धवाड्यातही जायचे. तिथले एक आबा म्हणाले, "सर, आमच्या पोरी तर एक दिवस चुकवत नाहीत. तुम्ही इकडे गाडी कशाला आणली?" सर म्हणाले, "न्यायला नाही आलो आबा, जेवायला आलोय. ज्यांनी पोरी न सांगता पाठवल्या त्यांच्याकडे आधी जेवायला पाहिजे." गावात काही लोकांनी यावर तोंडं वाकडी केली. सर त्यांच्याकडेही जेवले.

पुढे पुढे तर पोरी पहिल्या दिवशी मुद्दाम घरी राहायला लागल्या, गोंड्याच्या गाडीतून मिरवत यायचं म्हणून. मग सरांनी फतवा काढला, जी आपल्या पायाने येईल तिला संध्याकाळी गाडीतून घरी सोडायचं. माझे बैल मेटाकुटीला आले.

हे सगळं दुसऱ्यांच्या पोरींचं. मग वेळ माझ्या पोरीवर आली.

शोभा नववी पास झाली त्या उन्हाळ्यात तिच्या मामाने स्थळ आणलं. नरडाण्याजवळचं गाव, जमीन बरी, पोरगा कष्टाळू. तेव्हा असंच चालायचं, आज कोणी मला शहाणपण शिकवू नये. शोभाची माय एकच म्हणाली, पोरीची दहावी होऊ द्या. व्याही म्हणाले, "हो, हो. जूनमा धाडी देसूत. परीक्षा व्हई की लई जासूत." शब्द दिला. लग्न झालं. अखाजीला मी मूळ गेलो, पोर चार दिवस राहून परत गेली.

जून आला. शाळा उघडली. शोभाची माय फाटकात ताट घेऊन उभी. नवी पोरं आली, तिने ओवाळली. पण तिची नजर त्यांच्यावर नव्हती, एसटीच्या थांब्याकडे होती. एसटी आली. शोभा उतरली नाही.

दहावीच्या वर्गात सर हजेरी घेत होते. मी दारात. शोभाचं नाव आलं. सर थांबले. मी मान खाली घातली. ते खूप वेळ थांबले. मग म्हणाले, "वाटेवर असेल," आणि पुढचं नाव घेतलं. पण आवाज नेहमीचा नव्हता.

आठवडा गेला. निरोप पाठवला तर उलट निरोप आला, घरात कामाला माणूस नाही, दहावी काय पळून चालली आहे? मी बाप. अखाजीला आणून परत धाडलेल्या पोरीला महिन्याभरात पुन्हा मूळ गेलो, तर पोर नांदत नाही असा बोभाटा होतो. हे मी शोभाच्या मायला सांगितलं. तिने ताट मांडणीवर ठेवलं, डोक्यावर पदर नीट केला आणि शाळेत गेली. हेडमास्तरांच्या खोलीत ती कधी गेलेली नव्हती. मी मागून गेलो. ती उंबऱ्यात उभी राहिली.

"सर, तुम्ही गावन्या बठ्ठ्या पोरी आन्यात," ती म्हणाली. "मनी एक आनी द्या."

सर उठून उभे राहिले. मग मला म्हणाले, "ते गोंडे काढा."

गाडी काही नरडाण्यापर्यंत जात नाही. आम्ही एसटीने अमळनेर गाठलं, तिथून पॅसेंजरने नरडाणा. सरांच्या हातात छत्री, मांडीवर पिशवी, पिशवीत गोंडे आणि झूल. समोरच्या बाकावरच्या माणसाने विचारलं, "बैल कोठे शेत?" सर म्हणाले, "मिळतील." नरडाण्याला माझ्या ओळखीच्या माणसाकडून गाडी मागून घेतली. सरांनी स्वतःच्या हाताने गोंडे बांधले. वाकडे बांधले. मी नीट करायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या. हे मीच केलं पाहिजे."

व्याह्याच्या दारात गाडी उभी केली तेव्हा उन्हाचा कहर होता. त्या वर्षी पावसाचा पत्ता नव्हता. आमच्यात लेकीला मूलबाळ होईपर्यंत बाप, मुऱ्हाळी म्हणून गेला तरी, तिच्या घरचं पाणी पीत नाही. मी निंबाखाली बैलांपाशी बसलो, घसा कोरडा. सर जाऊन ओट्यावर बसले.

"राम राम. मूळ आलोय. शोभाला घेऊन जातो."

व्याही बाहेर आले. मला पाहिलं, सरांना पाहिलं. "मुऱ्हाळी म्हणजे भाऊ, नही ते बाप. बाप ते तठे निंबखाले बठेल शे. तुम्ही कोन?"

"मी हजेरी घेणारा," सर म्हणाले.

"मंग आपली शाळामा घ्या हजेरी. आठे काय शे?"

"तुम्ही शब्द दिला होता, आबा."

"दिधा व्हता. घरमा माणूस नही. आते कसा करू?" व्याही काही वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणतो. त्यांना खरंच हात कमी होते. पण माझ्या पोरीचं वर्ष त्यात जात होतं.

विहीणबाईंनी ताट आणलं. सरांनी हात लावला नाही. "लेक गाडीत बसल्यावर जेवीन," म्हणाले. विहीणबाई व्याह्यांना म्हणाल्या, "अहो, मुऱ्हाळी शे तो. उपाशी उठना ते घरले लागी." व्याही म्हणाले, "उठू दे. भाऊ नही का बाप नही, कसाना मुऱ्हाळी?" आणि आत गेले.

सर बसून राहिले. गावातले लोक जमले, पोरंटोरं जमली. कोणी विचारलं, हाऊ कोन? कोणी सांगितलं, मास्तर शे, पोरगी लेवाले येल शे. हसले लोक. मला वाटलं आता उठावं आणि पोरीला तिच्या नशिबावर सोडून जावं.

तेव्हा सरांनी छत्री बाजूला ठेवली. ताठ बसले. आणि वर्गात घेतात त्या आवाजात हजेरी सुरू केली.

"अशोक."

थांबले. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले.

"इंदू."

थांबले. वर्गात थांबायचे तेवढेच. "काशिनाथ." दहावीचा सगळा पट त्यांच्या डोक्यात. एकेक नाव, आणि मध्ये ते थांबणं. समोरच्या पोरांना मौज वाटली. एकाने उत्तर दिलं, "हजर सर!" मग दुसऱ्याने. प्रत्येक नावाला कोणीतरी हजर व्हायला लागलं. हशा व्हायला लागला. सर हसले नाहीत. त्यांचा आवाज चढला नाही, उतरला नाही. आत जातं चाललं होतं, त्याची घरघर ऐकू येत होती.

"रत्ना."

"हजर सर!"

"विठ्ठल."

"हजर सर!"

"शोभा."

पोरं गप्प झाली. त्यांनाही कळलं असावं. सर थांबले.

जात्याची घरघर थांबली.

लग्न होऊन दोन महिने झालेली सून. ओट्यावर परका माणूस, घरात सासरा, दारात सगळं गाव. अशी सून मोठ्याने खोकतसुद्धा नाही. मी निंबाखाली उभा राहिलो. सर वाट पाहत होते. त्यांना वाट पाहता यायची, दुसरं काही येवो न येवो.

आतून आवाज आला, "हजर, सर."

रस्त्यापर्यंत ऐकू आला.

व्याही दारात आले, तोंड काळंठिक्कर. मला वाटलं आता हात उगारतात. विहीणबाई त्यांच्या मागून पुढे आल्या. पिठाचा हात पदराला पुसत म्हणाल्या, "आयकं ना? ती जबाब दई चुकनी. आते ती आठे नही, तठे शे. धाडी द्या तिले. जात्यावर मी बसस."

मग जावई गोठ्याकडून आला, बापाकडे न पाहता आत गेला, आणि शोभाची पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन बाहेर आला. गाडीत ठेवली. माझ्या शेजारी उभा राहून हळूच म्हणाला, "गणित कच्चं शे तिनं. सरले सांगा."

मग सर जेवले. ताटातलं सगळं. विहीणबाईंनी वाढलं तेवढं. उठताना व्याह्यांपुढे उभे राहून म्हणाले, "परीक्षा झाली की मीच आणून घालीन." आणि परीक्षा झाल्यावर त्यांनीच नेऊन घातली, त्याच गोंड्यांच्या गाडीतून.

परतताना नरडाण्याच्या फलाटावर मी नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्यालो तेव्हा सर म्हणाले, "तुम्हाला तहान लागली होती होय? बोलायचं नाही का?" मी म्हटलं, रीत आहे. ते म्हणाले, "तुमच्या रीती मला कधी पुऱ्या कळणार नाहीत." आणि मग पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी शोभाची माय पुन्हा फाटकात उभी राहिली, ताट घेऊन. शाळा उघडून आठवडा उलटून गेलेला, नवं पोर कोणी नाही. शोभा आली, तिला ओवाळलं, साखर घातली. मोरीवरून सर म्हणाले, "हं. वाजव." रस्ता केव्हाचा मोकळा होता. ते तिच्यासाठीच थांबले होते.

शोभा दहावीला गणितात गेली. ऑक्टोबरला सुटली. फार मोठी कोणी झाली नाही. जावयाला पुढे जळगावला दालमिलमध्ये काम लागलं, पिंप्राळ्यात घर केलं, आणि दहावी होती म्हणून शोभा अंगणवाडीत लागली. तिच्या अंगणवाडीत पहिल्या दिवशी पोरांना साखर मिळते, एवढं मला ठाऊक आहे.

सर रिटायर झाले तेव्हा वाटलं आपल्या मुलखात जातील. गेले नाहीत. धुळ्याला एक खोली घेऊन राहिले. आम्ही दोघं एकदा भेटायला गेलो. शोभाच्या मायने कळण्याच्या भाकरी बांधून घेतलेल्या. खोलीत खाट, स्टो, छत्री. शेजारची बाई आम्हाला सांगायला लागली, "हे तुमचे कोण? रोज सकाळी समोरच्या शाळेच्या फाटकात जाऊन उभे राहतात आणि वॉचमनला म्हणतात, थांब. तो वैतागलाय." शोभाची माय हसली आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. सरांनी तिच्यापुढे एक पिशवी ठेवली. आत तेच गोंडे. म्हणाले, "हे शोभाला द्या. माझ्याकडे बैल नाहीत."

त्यानंतर आम्हाला जमलं नाही जायला. ते गेल्याचं कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. कोणी खांदा दिला, कोणी अग्नी दिला, मला माहीत नाही. शोभाची माय त्या दिवशी जेवली नाही.

आणि गेल्या मार्गशीर्षात तीच गेली. ताप आला, पारोळ्याच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं, गेली. सांगण्यासारखं यात काही नाही. सकाळीच भावकी जमली, तिरडी बांधून झाली. जळगावला निरोप गेला होता, पण शोभाचा पत्ता नव्हता. म्हातारे घाई करायला लागले. ऊन चढते, उचला आता, पोर काय केव्हाही येईल.

मी दारात उभा होतो. जन्मभर दारातच उभा राहिलेला माणूस मी. मी म्हणालो, "थांबा. रस्त्यावर पोर आहे."

कोणी म्हणालं, किती थांबायचं? मी म्हणालो, "ती दिसेपर्यंत." आम्ही थांबलो. मग मोरीपाशी स्कूटर दिसली, मागे शोभा. तिने मायचं तोंड पाहिलं. मग मी म्हणालो, उचला.

तेव्हापासून मी घरातून हललो नाही. शोभाने निरोप पाठवले, जावई स्कूटर घेऊन येऊन गेला. नाही म्हणालो. लेकीच्या घरी म्हातारा बसून राहिला की लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. आणि खरं सांगायचं तर मला चूल सोडवत नव्हती. तिच्या हातचा धूर त्या भिंतीला आहे.

या जूनमध्ये, शाळा उघडायच्या दिवशी सकाळी, दारात रिक्षा थांबली. पारोळ्याहून आलेली. रिक्षाच्या दोन्ही आरशांना गोंडे बांधलेले, रंग उडालेले, वाकडे. रिक्षावाला दात काढून हसत होता. शोभा उतरली आणि आत न येता ओट्यावर बसली.

"राम राम आबा. मी मूळ येल शे."

मी उंबऱ्यात उभा. म्हणालो, "मुऱ्हाळी म्हणजे भाऊ, नही ते बाप. तू कोन?"

"मी हजेरी घेनारी," ती म्हणाली. आणि थांबली. अगदी त्यांच्यासारखी थांबली.

मी आत गेलो, तिला तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला. सकाळची भाकरी होती, माझ्या हातची, एका बाजूने करपलेली. मुऱ्हाळी उपाशी उठू नये म्हणून ती पुढे ठेवली. तिने पुरी खाल्ली. तेवढ्यात मी दोन धोतरं आणि मायचा फोटो पिशवीत घातला. कुलूप मीच लावलं. कुलूप लावायची सवय आहे मला.

रिक्षा शाळेपाशी आली. नवा शिपाई घंटेखाली उभा, तरणा पोरगा, हातोडा उचललेला. मी वळून मागे पाहिलं. कपाशीच्या वाटेवर एक पोरगी पळत येत होती, दप्तर पाठीवर आपटत.

मी रिक्षातून अर्धा बाहेर वाकलो आणि ओरडलो, "थांब रे! एक डोकं दिसतंय!"

तो मला ओळखत नव्हता. पण त्याचा हात वरच राहिला.